नळवाला शिवदास

भांडुपच्या कोकणनगरात शिवदास राऊळ कुठे राहतो असं विचारलंत, तर लोक डोकं खाजवत बसत. नळवाला म्हटलं की मात्र कुणीही थेट दारापर्यंत आणून सोडी. तो नळदुरुस्ती करायचा असं नव्हे. पाण्याच्या नळाशी त्याचा संबंध सकाळी हंडे लावण्यापुरताच. शिवदास पॉल परेराच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा आणि वाजवता वाजवता तिचे नॉब सारखे पिळत राहायचा. पाणी यायच्या वेळेला माणसं नळाची चावी उघडून, बंद करून, पुन्हा उघडून बघतात ना, अगदी तसं. एका गणपतीत पॉल भर कार्यक्रमात माइकवरून ओरडला होता, "अरे ए नळवाल्या, बंद कर तो नळ!" सगळा मांडव हसला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ऑर्केस्ट्रात ती सगळ्यांना दिसते, पण तिच्याकडे लक्ष देऊन ऐकणारा हजारात एक. ती थांबली की मात्र गाण्याखालची फळीच निघून जाते. शिवदासच्या बेसला तारांखाली आवाज पकडणारे दोन पिकअप बसवलेले होते, एक मानेकडे आणि एक खालच्या टोकाला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ. मानेकडचा उघडला की आवाज गोल, जाड, पोटातून आल्यासारखा यायचा. घोडीकडचा उघडला की टोकदार, करकरीत. दोघांचे दोन नॉब, आणि तिसरा टोनचा. तो बंद केला की आवाजावर गोधडी पडते, पूर्ण उघडला की तारेवर सरकणारं बोटसुद्धा कडकडतं. बाकीचे बेसवाले पहिल्या गाण्याआधी हे तीन नॉब एकदा लावतात आणि विसरून जातात. शिवदासचं तसं नव्हतं. मानेकडचा पिकअप त्यानं कधीच बंद करून टाकलेला, घोडीकडचा पुरता उघडा, टोन शेवटाला टेकलेला, आणि तरी याचं समाधान नाही! आवाज आणखी उघडेल म्हणून बिचारा नॉब फिरवतोय. नॉब फिरून फिरून जाणार कुठे?

खरं तर तो साचेवाला, म्हणजे गिरणीतले कापड विणायचे माग चालवणारा. लालबागच्या बाजूच्या एका गिरणीत, साचे खात्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. एका शेडमध्ये शेकडो साचे आणि प्रत्येकात इकडून तिकडे आपटणारा धोटा. तिथं तोंडानं बोलायला जाणं म्हणजे नुसता घसा फोडून घेणं. म्हणून साचेवाले आवाज न काढताच बोलत. ओठ मोठे करून हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे, सोबत हाताची एखादी खूण. पलीकडच्या साच्यावरचा बाळा सावंत आपल्या सासुरवाडीची सगळी भानगड अशी नुसत्या ओठांवर सांगायचा आणि शिवदास इकडे पोट धरून हसायचा. भोंगा वाजून सगळे बाहेर पडले की रस्त्यावरसुद्धा काही वेळ तसेच बोलत जात. बघणाऱ्याला वाटे, ही माणसं वेडी झाली की काय.

मग ब्याऐंशीचा संप आला आणि गिरणी गेली. बाळा कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. शिवदासलाही एक काठी आणि एक स्टूल मिळत होतं, पण त्याच सुमारास कोकणनगरच्या भजनात पॉल परेरा येऊन बसला. पॉल मरोळच्या गावठाणातला, अकॉर्डियन वाजवणारा, स्वतःचा ऑर्केस्ट्रा असलेला माणूस. त्याचा बेसवाला गल्फला निघून गेलेला, गिटार तेवढी मागं राहिलेली. शिवदास पखवाज घेऊन बसला होता. धुम्याला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायची, थाप मारून बघायची, चिमूटभर काढायची, पुन्हा बघायची, असं त्याचं चाललेलं पॉल बघत राहिला. भजन संपल्यावर म्हणाला, "तुझा डावा हात माझ्या बेसवर पायजे. तारा मी शिकवतो." आणि त्यानं शिकवल्या. काठी आणि स्टूल तसंच राहिलं.

ज्या माणसाची गिरणी गेली, तो पुन्हा कुणीतरी झाला. चकचकीत शर्ट घालून स्टेजवर उभा राहायला लागला. म्हणूनच तो आवाज त्याला नीट हवा होता. आणि आवाज काही केल्या नीट लागत नव्हता.

खरं म्हणजे त्या दिवसांत शिवदासला जगातलं काहीच नीट लागत नव्हतं. रेडिओवर बातम्या देणारे पूर्वी कसे खणखणीत बोलत, आता सगळे पुटपुटतात, असं त्याचं मत होतं. भजनातले टाळ पहिल्यासारखे वाजत नाहीत, हल्ली पितळच हलकं येतं. मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडली म्हणून त्यानं ते स्टेशनाजवळच्या घड्याळजीकडे नेलं. घड्याळजीनं कानाला लावलं, शिवदासकडे एकदा विचित्र नजरेनं बघितलं आणि काही न घेता परत दिलं. "चोर साले, कामच करायचं नाही कुणाला," म्हणत शिवदास घरी आला. घड्याळ वेळ मात्र अचूक दाखवत होतं.

तुम्हांला एव्हाना कळलंच असेल. शिवदासला कळलं नव्हतं. रोज थोडं थोडं जाणारं माणसाला कळतं थोडंच?

घाटकोपरच्या एका कार्यक्रमात ठिणगी पडली. त्याच्या मागं बेसचा अँप्लिफायर असायचा आणि त्यावर ट्रेबलचा, म्हणजे आवाजाची धार वाढवायचा, एक नॉब. शिवदास तो अर्ध्याच्या पुढं नेऊन ठेवायचा. मध्यंतरानंतर बघावं तर नॉब शून्यावर! गेले कित्येक महिने हे चाललं होतं. याला वाटे, आपल्याच हातून राहिलं असेल. त्या दिवशी तो पाणी प्यायला म्हणून विंगेत गेला आणि लगेच मागं फिरला. पॉल अँप्लिफायरशी वाकलेला.

"काय करतोस रे?"

"धूळ पुसतो."

"धूळ पुसताना नॉब फिरतो?"

"फिरला आसंल. तू वाजव ना यार, कशाला डोकं खातोस?"

उरलेली सगळी गाणी शिवदासनं दातओठ खात वाजवली. त्यात ढोलकीवाल्यानं जाता जाता खबर दिली, की कोळीगीतांची कॅसेट निघतेय, अंधेरीत रेकॉर्डिंग आहे, आणि वर्सोव्याचा जॉनी बेसला येईल असं कानावर आलंय. झालं. शिवदासच्या डोक्यात सगळं जुळलं. पॉल आपला आवाज मुद्दाम मारतोय. चार लोक म्हणाले बेस ऐकूच येत नाही, की याला काढायला मोकळा.

घरी येऊन त्यानं बायकोसमोर सगळं ओकलं. नलिनी चूल सोडून उठली, त्याच्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "पॉल तसो माणूस नाय."

"तुका काय म्हायत? कॅसेटीर माझो बेस नसलो, तर माका उद्या ऑर्केस्ट्रात उभो कोण करतलो? मगे बाळासारखी काठी घेवन बसतंय गेटार."

त्याचा गुडघा नाचत होता, त्यावर तिनं हात ठेवला. हात काढला की गुडघा पुन्हा नाचायला लागला.

रेकॉर्डिंगला बोलावणं आलं ते त्यालाच. जॉनीचा पत्ता नव्हता. पण संशय एकदा घरात शिरला की तो काही चहा पिऊन निघून जात नाही. शिवदासनं ठरवलं, आज पॉल काही करो, आपला आवाज आपण दाखवायचा.

स्टुडिओ एका औद्योगिक वसाहतीच्या मागल्या गाळ्यात होता. भिंतींना गोणपाट आणि जुने गालिचे ठोकलेले, मधे जाड काचेची खिडकी. काचेच्या अलीकडे वाजवणारे आणि गाणारी पद्मजा, पलीकडे मोठ्या मशीनशी रेकॉर्डिस्ट नंदू. शिवदासला बघून तो म्हणाला, "अँप्लिफायर नको. तुमची वायर सरळ मशीनला लावतो."

शिवदासला आनंद झाला. अँप्लिफायर नाही म्हणजे पॉलला धूळ पुसायलाही जागा नाही! त्यानं हेडफोन चढवले, घोडीकडचा पिकअप सताड उघडला, टोन शेवटापर्यंत नेला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्यातच थांबलं. पद्मजानं हेडफोन कानापासून लांब धरले होते. नंदूचा आवाज हेडफोनमध्ये आला, "बेस जरा कमी करा, काका." शिवदासनं आवाज थोडा कमी केला. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. "तारा कडकड करतायत." शिवदास म्हणाला, "कुठे कडकड? मला तर गोधडीत तोंड घालून वाजवल्यासारखं ऐकू येतंय." पद्मजानं ढोलकीवाल्याकडे बघितलं. ढोलकीवाल्यानं जमिनीकडे. शिवदासनं टोन जरा मागं घेतला, जिवाला राहवेना म्हणून पुन्हा पुढं नेला, मग मागं. घामानं नॉब निसटायला लागला. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबलं. शेवटी पॉल अकॉर्डियन खाली ठेवून काचेपलीकडे गेला आणि मागं दार लावून घेतलं.

शिवदासनं वैतागून हेडफोन काढले आणि मांडीवर टाकले. पद्मजा पाणी प्यायला बाहेर गेली, ढोलकीवाला विडी ओढायला. शिवदास एकटा बसून काचेपलीकडे बघत राहिला.

नंदू म्हणत होता, "माझ्याकडून किती कापू? मुळातच कडकड येतेय. त्यांना सांग ना, टोन बंद करा म्हणून."

"सांगितलं तर विचारेल का म्हणून."

"मग सांग, का ते. नाहीतर जॉनीला बोलावतो. तासाभरात येईल वर्सोव्याहून."

"नाय. बेस शिवदासच वाजवणार."

"अरे, बहिरा बेसवाला घेऊन कॅसेट काढतोस?"

"बहिरा नाय तो. वरचं जातं त्याचं. साच्यांवर होता ना. खालचे सूर बरोबर ऐकतो, हात तर सोन्यासारखा हाय. स्टेजवर मी मागनं ट्रेबल बंद करतो, भागतं. त्याला ठाऊक नाय. आणि तू पण सांगायचं नाय."

शिवदास ऐकत होता. प्रत्येक शब्द स्पष्ट, खणखणीत, कुणी पुटपुटत नव्हतं. ताडकन उठावं आणि काचेवर मूठ मारावी, असं त्याच्या मनात आलं. बहिरा म्हणतो मला? बहिरा असतो तर हे सगळं ऐकलं कसं असतं?

आणि त्याची नजर मांडीवर गेली. हेडफोन तिथं पडले होते. काच जाड होती. दार बंद होतं.

आवाज आलाच नव्हता. नंदूचे ओठ हलत होते, पॉलचे ओठ हलत होते, आणि शिवदास बाळाची भानगड वाचावी तसा ते सगळं वाचत बसला होता. कान कधी बाजूला झाले आणि डोळ्यांनी त्यांचं काम कधी उचललं, हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

तो उठून बाहेर आला. गाळ्यांमधल्या बोळात लोखंडाची भंगार पेटारी पडलेली होती, तिच्याभोवती तो फेऱ्या मारायला लागला. कोपऱ्यात विडी ओढणारा ढोलकीवाला काहीतरी म्हणाला. धुरामागं ओठ दिसले नाहीत आणि शिवदासला नुसती घरघर ऐकू आली. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी दाबलं. काही नाही. दुसऱ्या कानाशी दाबलं. डोळ्यांसमोर धरलं तर काटा टुकटुक पुढं चाललेला. त्याला घड्याळजीची ती नजर आठवली. टाळ आठवले. रेडिओवाले आठवले बिचारे, त्यांना त्यानं काय काय शिव्या दिल्या होत्या! आणि मग नलिनी आठवली. काहीही सांगायचं असलं, की ती हातातलं काम टाकून आधी त्याच्या पुढ्यात येते. नेहमी. त्याला वाटे, प्रेमानं येते.

मग मात्र त्याला भयंकर राग आला. गिरणीनं आधी कान नेले आणि मागाहून नोकरी नेली, त्या गिरणीचा राग. सगळ्यांना ठाऊक होतं आणि आपल्यालाच नव्हतं, याचा राग. गिटार उचलावी, बस पकडावी आणि पॉलला पुन्हा तोंड दाखवू नये. पण घरी जाऊन करायचं काय? कोपऱ्यात गिटार ठेवून तिच्याकडे बघत बसायचं? ऑर्केस्ट्रा सोडावा असं वाटत होतं आणि ऑर्केस्ट्रा सुटेल अशी भीतीही वाटत होती. दोन्ही एकाच वेळी. पॉल आपल्याला काढायला बघतोय म्हणून इतके महिने जळलो, आणि तो भला माणूस आपल्यामागं वाकून धूळ पुसत होता.

पॉल त्याला शोधत बाहेर आला. हातात चहाचा ग्लास. "चल रे, जरा बेत बदलू. नंदूची मशीन आज बरोबर नाय. तू जरा..."

"पॉल, खोटं बोलू नको. मी वाचलं."

"काय वाचलंस?"

शिवदासनं आवाज न काढता, ओठ मोठे करून, साच्यांवर बोलायचा तसं सावकाश सांगितलं, "बहिरा नाय तो. वरचं जातं त्याचं."

पॉलनं चहाचा ग्लास पेटारीवर ठेवला. डोळे भरून आले तसा तो बाजूला वळायला लागला. शिवदासनं त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे फिरवला आणि म्हणाला, "तोंड फिरवू नको. मला कळत नाही मग. चल आत, आणि टोन तू लाव."

आत जाऊन त्यानं बेस गळ्यात अडकवला आणि पॉलला काचेपलीकडे उभं केलं. घोडीकडचा पिकअप बंद केला, मानेकडचा उघडला. इतके दिवस कोंडून ठेवलेला तो जाड आवाज बाहेर आला. मग एका हातानं तार वाजवत त्यानं दुसऱ्या हातानं टोनचा नॉब मागं आणायला सुरुवात केली. डोळे पॉलच्या तोंडावर. थोडा मागं. पॉलची मान हलली, अजून. आणखी मागं. अजून. शिवदासच्या कानात आवाज गढूळ व्हायला लागला, मग गढूळाचाही नुसता गोळा उरला. बोटं पुढं न्यायला शिवशिवत होती. हे चूक आहे, हे चूक आहे, असं त्याचे कान ओरडून सांगत होते, आणि त्या कानांवर विश्वास ठेवायचा नाही हे त्याला स्वतःला बजावावं लागत होतं. आयुष्यात त्याला इतकं जड काही गेलं नव्हतं. शेवटी काचेपलीकडे पॉलचा हात वर झाला. नंदूचे ओठ म्हणाले, "झकास!"

त्यावर गाणी झाली, सगळी. तारा पोटाशी थरथरत होत्या, ढोलकीवाल्याचा हात समोर दिसत होता. पखवाजाला तरी तो कान कुठे लावायचा? मांडीला कळायचंच की थाप कशी बसली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा नलिनी भात उतरवत होती. तो तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता थंयसूनच बोल. फुडे येव नको."

मागून घरघर आली, खालच्या सुरातली. शब्द एकही नाही. तो वळला, तर ती हात पुसत नेहमीसारखी पुढ्यात येऊन उभी.

"काय म्हणालंस?"

"भात निवता म्हटलंय."

"केव्हापासून म्हायत होता तुका?"

"गिरण चालू होती तेव्हापासून."

"आणि सांगूक नाय?"

"सांगलंय तर तुमी मानतलास? टाळांक नावां ठेवतास, घड्याळाक ठेवतास, त्या पॉलाक ठेवतास. मगे माझो नंबर."

तो हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. ती तशीच समोर उभी राहिली. रडणं ओसरल्यावर त्यानं गिटार बाहेर काढली आणि टोनचा नॉब दाखवला. पॉलनं लावून दिलाय, म्हणाला, आणि हा हलला तर मला कधीच कळणार नाही.

नलिनीनं आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्यांतल्या दोन काढल्या. एक नॉबवर लावली आणि दुसरी नॉबसमोर लाकडावर. दोघी समोरासमोर असल्या की टोन जागेवर आहे, एवढं साधं.

कॅसेट निघाली, कोकणनगरात घरोघर वाजली. नळवाला हे नाव काही सुटलं नाही, आणि बेसवर टिकल्या बघून पोरीबाळी हसायच्या ते वेगळंच. शिवदासची तगमगही पुरती गेली नाही. भर गाण्यात त्याला अजून वाटायचं, आवाज बसला, थोडा उघडावा, आणि हात नॉबकडे जायचा. बोटाला टिकली लागायची. तो खाली बघायचा, दुसरी समोर आहे ना एवढं बघायचा, आणि हात परत तारेवर ठेवायचा.